आधी घर पाहिले जाते: मूल दत्तक घेताना आणि श्वान घरी आणताना

मूल दत्तक घ्यायचे ठरले की अनेक जोडपी आधी ओळखीची संस्था शोधू लागतात. त्याची गरज नसते. बालन्याय कायदा, २०१५ नुसार अनाथ, टाकून दिलेल्या किंवा जन्मदात्यांनी सुपूर्द केलेल्या बालकाचे दत्तकविधान केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजेच ‘कारा’च्या, ऑनलाइन नोंदणीतूनच होते. प्रतीक्षायादीतील क्रम नोंदणीवरून ठरतो. तेथे वशिला चालत नाही. रुग्णालयातून परस्पर बाळ मिळवून देतो असे कोणी सांगितले, तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे, कारण असा व्यवहार गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नोंदणीपूर्वी पात्रता तपासावी. जोडप्याच्या विवाहाला किमान दोन वर्षे झालेली असावीत आणि पालक व मूल यांच्या वयात किमान पंचवीस वर्षांचे अंतर असावे. दोन वर्षांखालील बाळ हवे असल्यास पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही. मूल मोठे असेल तर ही मर्यादा वाढते. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणालाही दत्तक घेता येते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी घेता येत नाही.

कागदपत्रे सादर झाल्यावर सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन गृह अभ्यास अहवाल तयार करते. लोक या भेटीला उगाच घाबरतात आणि घराला रंग काढण्यापर्यंत मजल जाते. तिला फर्निचरशी फारसे कर्तव्य नसते. ती पती आणि पत्नीशी वेगवेगळे बोलते, उत्पन्न व आजारपणे विचारते आणि पुष्कळदा स्वयंपाकघरात आजींपाशी बसून सहज विचारते, “बाळ सावळं असलं तर चालेल ना?” त्या वेळी आजी सुनेकडे पाहतात की स्वतः उत्तर देतात, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून हा विषय घरातल्या ज्येष्ठांशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावा. मुलाला त्याच्या दत्तकविधानाविषयी केव्हा आणि कसे सांगणार, याचाही विचार झालेला असावा. लपवून ठेवू, हे उत्तर मुलाच्या हिताचे नाही.

त्यानंतर प्रतीक्षा असते. निरोगी तान्ह्या बाळासाठी ती तीन वर्षांहून अधिक लांबते, तर मोठी मुले, भावंडे किंवा विशेष गरजा असलेली मुले स्वीकारणाऱ्यांना तुलनेने लवकर संधी मिळते. यादीत आपला क्रमांक आला की बालकाचे छायाचित्र, वैद्यकीय तपासणी अहवाल व बालक अभ्यास अहवाल दाखवले जातात आणि ४८ तासांत होकार कळवावा लागतो. एवढ्या वेळात डॉक्टर शोधण्याची धावपळ नको, यासाठी अहवाल समजावून सांगणारा बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवावा. होकारानंतर संस्थेत जाऊन मुलाला भेटणे, दत्तकपूर्व संगोपनासाठी त्याला घरी आणणे, दत्तक आदेश, जन्मदाखला आणि पुढे दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा, असा क्रम असतो.

या लांबलेल्या काळात काही जोडपी प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्रा आणतात. या प्रक्रियेला बालन्याय कायद्याशी काही देणेघेणे नाही, तरी चांगली प्राणिसंस्था येथेही अर्ज भरून घेते, घर पाहते आणि निर्बीजीकरणाचे हमीपत्र लिहून घेते. काहीही न विचारता पिल्लू हातात ठेवणाऱ्यापेक्षा हे प्रश्न विचारणारी संस्था निवडावी. पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असल्यास घेऊ नये. लसीकरणाची नोंदवही मागून घ्यावी, कारण रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते आणि पुढील मात्रांच्या तारखा पशुवैद्य त्यातच लिहितो. महापालिकेचा परवाना काढावा. सोसायटीचा विरोध असेल, तर कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना दाखवून शांतपणे सांगावे.

रस्त्यावरून वाचवलेला कुत्रा पहिले काही दिवस पलंगाखाली बसून राहतो, ताटलीतले अन्न रात्री सामसूम झाल्यावर खातो. त्याला ओढून बाहेर काढू नये आणि पाहुण्यांना दाखवायला बोलावू नये. घरात रुळायला त्याला काही महिने लागू शकतात, म्हणून बाळ येण्याच्या सुमारास नवा कुत्रा आणू नये; आणायचाच असेल तर प्रतीक्षेच्या सुरुवातीच्या काळात आणावा आणि बाळ आल्यावर दोघांना मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय एका खोलीत ठेवू नये.