सेकंड हॅन्ड गाडी थेट मालकाकडून घेताय? या चुका टाळा

"गाडी बघायला सोबत याल का?" असे फोन मला नेहमी येतात. ओळखीतले लोक, त्यांच्या ओळखीतले लोक. मी मेकॅनिक नाही, पण बरीच वर्षं जुन्या गाड्या घेतोय, वापरतोय, विकतोय आणि दुसऱ्यांसाठी बघतोय. त्रास होतो तो दुसऱ्या प्रकारच्या फोनचा. "घेऊन टाकली, आता काय करू?" याला माझ्याकडे फारसं उत्तर नसतं आणि ते मनाला लागतं.

थेट मालकाकडून गाडी घेण्यात वाईट काही नाही. माझ्या चांगल्या गाड्या मला अशाच मिळाल्या. पण इथे वॉरंटी नसते आणि उद्या जाब विचारायला जावं असं दुकानही नसतं. त्यामुळे जी काही शंका घ्यायची, ती पैसे हातातून जाण्याआधीच घ्यावी लागते.

न बघितलेल्या गाडीसाठी टोकन पाठवणं

गाडी नव्यासारखी दिसते आणि किंमत बाजारापेक्षा बरीच कमी असते. मालकाची बदली झालेली असते, तो सैन्यात असतो, परदेशी चाललेला असतो किंवा घरात कुणीतरी नुकतंच गेलेलं असतं. गाडी ट्रान्सपोर्ट कंपनीकडे तयार आहे, थोडं टोकन भरा, गाडी दारात येईल, आवडली नाही तर परत करा. गोष्टीतली माणसं बदलतात, साचा तोच राहतो. सोबत ओळखपत्राचा फोटोही येतो. ते ओळखपत्र बहुतेक वेळा आधी फसलेल्या एखाद्या माणसाचं असतं. त्याने विश्वासाने पाठवलेलं असतं आणि तेच आता तुम्हाला दाखवलं जातं.

माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मुलाने असंच टोकन पाठवलं. मग गाडी सोडवण्याचे पैसे मागितले, तेही दिले. मग विम्याचे. तिसऱ्यांदा मागितल्यावर तो माझ्याकडे आला आणि तेव्हासुद्धा त्याचा प्रश्न होता, "हे शेवटचे भरले तर गाडी येईल ना?" तो पहिलीच गाडी घेत होता, स्वतःच्या पगारातून.

माझा नियम एकच आहे. गाडीला हात लागल्याशिवाय पैसा नाही. दुसरं गिऱ्हाईक येतंय असं कुणी म्हणालं तर मी म्हणतो, येऊ द्या. आणि लांब जायचं असेल तर आधी व्हिडिओ कॉल करायला सांगतो. नंबर प्लेटपासून सुरुवात करून, फोन बंद न करता, चासी नंबरपर्यंत (गाडीवर कोरलेला तिचा ओळख नंबर) दाखवा म्हणतो. खऱ्या मालकाला यात दोन मिनिटं जातात. खोट्याचा कॅमेरा नेमका त्याच दिवशी बिघडलेला असतो.

"मालक" मालकच आहे का?

फोनवर गाडीचं नाव न घेता विचारा, "गाडीसंदर्भात फोन केलाय." समोरून "कोणती गाडी?" असं आलं तर तो मालक नाही. तो एजंट आहे आणि त्याच्याकडे चार गाड्या आहेत. एजंट असणं हा गुन्हा नाही. मालक असल्याचं खोटं सांगणाऱ्याकडून मात्र मी गाडी घेत नाही, कारण पुढचं काय खरं मानायचं?

पाण्यात गेलेली गाडी

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हे माझ्यावर गुजरलंय.

माझी दुसरी गाडी मी एका बोलघेवड्या, सभ्य माणसाकडून घेतली. गाडी चकचकीत होती. नवीन सीट कव्हर, नवीन मॅट, आरशाला अत्तराची एक बाटली आणि एसीच्या जाळीवर दुसरी. मला वाटलं, माणूस टापटिपीचा आहे. चालवून बघितली तर इंजिन मऊ, गिअर मऊ. घेतली.

दोन महिने काही झालं नाही. मग एका सकाळी मागची काच आपोआप खाली आली. काही दिवसांनी सेंट्रल लॉक स्वतःच लागायला आणि उघडायला लागलं. मग एकदा हॉर्न वाजला तो थांबेचना. इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने पायाखालचं कार्पेट उचलून वायरिंगचा एक कनेक्टर उघडला. आतल्या तांब्यावर हिरवट-पांढरी पूड बसली होती. तो काही बोलला नाही. शेजारच्या सीटवर बसला, सीट बेल्ट धरला आणि ओढत राहिला. आपण बेल्ट लावताना ओढतो तेवढा नाही, पार अडेपर्यंत. वरचा सगळा पट्टा काळाभोर होता. शेवटचा हातभर भाग, जो एरवी खांबाच्या आत गुंडाळलेला असतो, तो मातकट होता. आणि दोहोंच्या मधली रेघ फूटपट्टीने आखावी तशी सरळ. त्याने त्यावर अंगठा घासला, तर अंगठ्याला बारीक गाळ लागला.

सीट कव्हर नवीन का होतं, मॅट नवीन का होते आणि दोन अत्तरं का होती, ते मला त्या क्षणी कळलं.

पाण्यात गेलेली गाडी लगेच बंद पडत नाही, हीच यातली फसवणूक आहे. ती वाळवली की चालते. कनेक्टरच्या आत शिरलेलं पाणी मात्र महिनोन्महिने धातू खात राहतं आणि बिघाड एकेक करून वर येतात. खारं पाणी असेल तर फारच लवकर. त्यात एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा बऱ्याच गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, फरशीलगत असतो. म्हणजे पाणी सर्वांत आधी जिथे पोचतं तिथे. काच आपोआप खाली आली तर वैताग होतो. एअरबॅग वेळेला उघडली नाही तर माणूस जातो. म्हणून ही फसवणूक मला मीटर फिरवण्यापेक्षा वाईट वाटते.

अशा गाड्या पूर आलेल्या भागात विकल्या जात नाहीत, त्या लांब नेल्या जातात. अमेरिकेत 2005 च्या कतरिना चक्रीवादळानंतर बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन, कागद बदलून दुसऱ्या राज्यांत विकल्या गेल्या. म्हणून "आमच्याकडे पूर येत नाही" यावर जाऊ नका.

तेव्हापासून गाडीत बसलो की मी पाचही बेल्ट शेवटपर्यंत ओढतो. मग टॉर्च घेऊन सीटखालचे बोल्ट आणि स्प्रिंगा बघतो. तिथे धुणाऱ्याचा हात पोचत नाही, गंज राहतो. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात हात फिरवतो. काचा आणि एसी बंद करून दहा मिनिटं आत बसून राहतो. दमट वास तेवढ्यात वर येतो, अत्तर कितीही असो. आणि बेल्ट नवेकोरे दिसले तर बेल्टच्या तळाशी असलेलं लेबल वाचतो. त्यावर बहुधा बनवल्याची तारीख असते. गाडी जुनी आणि बेल्ट नवे असतील तर एक तर पाणी आहे, नाहीतर अपघात. विचारा आणि उत्तर नीट ऐका.

मीटरवर विश्वास ठेवणं

नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती चाललीय?" आणि विकणाऱ्यालाही हे माहीत असतं. आकडा लहान दिसला की आपण बाकी बघणं सोडून देतो, म्हणूनच मीटर मागे फिरवणाऱ्यांचा धंदा चालतो. डिजिटल मीटर फिरवता येत नाही, असं आजही लोक मला छातीठोकपणे सांगतात. उलट ते सोपं झालंय. आकडा चिपमध्ये असतो, यंत्र जोडलं की काही मिनिटांत बदलतो, आणि जुन्या काट्याच्या मीटरसारख्या खुणाही मागे राहत नाहीत.

म्हणून मी मीटर सर्वांत शेवटी बघतो. आधी ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचं रबर. मग स्टिअरिंगवर हात जिथे टेकतात ती जागा, गिअरची मूठ, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, काचेची बटणं. एवढं बघून मनात एक अंदाज धरतो आणि मग मीटर त्याच्याशी ताडून बघतो. तीस हजार चाललेल्या गाडीचं पॅडल गुळगुळीत झालेलं नसतं. आणि आठ वर्षांच्या गाडीत पॅडलचं रबर कोरं असेल तर तोही प्रश्नच आहे.

टायरही बोलतात. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3521 म्हणजे 2021 चा पस्तिसावा आठवडा. आता गाडी 2018 ची, मीटर म्हणतो 22,000, आणि चारही टायर 2021 चे. कंपनीचे टायर साधारण 40,000 किलोमीटर तरी जातात. मग हे तीन वर्षांत का बदलले? कधी कधी खरं कारण असतं, पण ते सांगता आलं पाहिजे.

कागदावरचे किलोमीटर मात्र फिरवायचे राहून जातात. सर्व्हिसची जुनी बिलं, ऑइल बदलल्यावर बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर चिकटवलेला स्टिकर, तपासणीचे जुने दाखले. तारखेनुसार लावा. आकडा कुठेही मागे जाता कामा नये. शिवाय बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स किंवा ब्रेकच्या युनिटमध्ये किलोमीटरची वेगळी नोंद राहते. चांगला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातल्या नोंदी वाचायचं यंत्र) असलेला मेकॅनिक ती वाचू शकतो.

माझं मत विचाराल तर सगळ्या बिलांसह 1,20,000 चाललेली गाडी मी घेईन, बिलांशिवाय 40,000 वाली नाही. कमी चाललेली म्हणजे चांगली, हे डोक्यातून काढा. नुसती उभी राहिलेली गाडीही सडते. सील कडक होतात, ब्रेक गंजतात, बॅटरी मरते.

गरम इंजिन

"तुम्ही याल तोवर गाडी काढून ठेवतो" हे ऐकलं की मी सांगतो, काढू नका, मी येईपर्यंत किल्लीच लावू नका. पोचलो की नमस्कार झाल्यावर पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं तर मी परत दुसऱ्या दिवशी येतो. थंड इंजिन सुरू होतानाचं पहिलं अर्धं मिनिट फार मोलाचं असतं. इंजिनातल्या साखळीची खडखड, दमलेली बॅटरी आणि सायलेन्सरमधून निघणारा निळा धूर, हे सगळं इंजिन तापल्यावर लपतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन पुरतं जळत नाही. पांढरा असेल तर थांबा. थंडीत थोडी वाफ येतेच, पण ती गेली नाही आणि गोडसर वास आला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची सळईही बघा. नुसत्या झाकणाला असेल तर छोट्या फेऱ्यांची वाफ असू शकते. डिपस्टिकवरही असेल तर गाडी सोडा.

पुसलेले दोष

किल्ली फिरवल्यावर चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तर ते बहुधा कुणीतरी बंद केलेत. स्कॅनर लावल्यावर गाडीने नोंदवलेले दोष शून्य दाखवले म्हणून खूश होऊ नका. आदल्या रात्री पुसले असतील तर स्कॅनरवर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात. त्या पूर्ण व्हायला गाडी थोडी थोडी करत बरीच चालवावी लागते. सगळं अपूर्ण दिसलं तर आठवड्याने परत बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात

रात्री किंवा पावसात गाडी बघणं. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही.

विकणाऱ्याचाच मेकॅनिक वापरणं. आपला न्या, आणि "मेकॅनिक नको, गाडी तुमच्यासमोर आहे ना" असं म्हटलं की तिथेच व्यवहार संपवा.

भर चौकात, पेट्रोल पंपावर भेटणं. मी मालकाच्या घरी जातो. गाडी रोज जिथे उभी असते तिथली जमीन बघतो, ऑइलचे डाग तिथे असतात.

रंगाची जाडी न मोजणं. कंपनीचा रंग साधारण 80 ते 180 मायक्रॉन असतो. एखाद्या दारावर 500 आले तर खाली पुट्टी आहे. मोजायचं छोटं यंत्र मिळतं, मेकॅनिककडे बहुधा असतंच.

कागद

चासी नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. तो गाडीवर एकाहून जास्त ठिकाणी असतो, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावर, पत्र्यावर कोरलेला. सगळीकडचा तोच हवा आणि आरसीवरही तोच. मी नुसता वाचत नाही, बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने म्हणतो आणि सोबतचा माणूस कागदावर बघतो. कोरलेल्या जागेभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर गाडी चोरीची असू शकते. मग विक्रेत्याशी वाद घालू नका, नमस्कार करून निघा.

आरसीवरचं नाव, समोरच्या माणसाचं ओळखपत्र आणि पैसे जाणार ते खातं, तिन्ही एकच हवीत. "भावाच्या खात्यात टाका" याला नाही म्हणा. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते सरकारी नोंदीत स्वतः बघा, विक्रेत्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नको. बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र हातात आल्यावरच पुढे. बाकी रक्कम मी सह्या होतात त्याच टेबलावर देतो, आधी नाही.

आणि दुसरी किल्ली मागा. हरवली म्हणाले तर त्याच आठवड्यात नवीन कोड करून घ्या आणि जुन्या किल्ल्या गाडीच्या मेमरीतून काढायला सांगा. तोवर गाडी घराबाहेर रात्रभर उभी करू नका.