‘मॅडम, तेवढी पी व्हॅल्यू काढून द्या’

आमच्या सोसायटीतली एक मुलगी मध्यंतरी घरी आली. अर्थशास्त्रात बी.ए. झालेली, डोकं चांगलं, आणि घरचे ‘पुढे काय’ म्हणून मागे लागलेले. चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, “काकू, रिसर्च करायचाय. कशात स्कोप आहे?”

मी एका मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. शिकवणं वेळापत्रकापुरतं, बाकी वेळ लोकांच्या प्रबंधांचे आकडे बघण्यात जातो. दिवसा रेसिडेंट डॉक्टर येतात. संध्याकाळी ओळखीतून ओळख काढत बाकीचे येतात: कृषी विद्यापीठातली मुलं, समाजशास्त्रवाले, मराठी विभागातल्या बाई, एकदा तर मोडी वाचणारे एक गृहस्थ. स्वतःचं मोठं संशोधन माझ्या नावावर काही नाही. पण अठरा वर्षं एकाच खुर्चीत बसून इतक्या जणांचं बघितलंय की त्या मुलीला म्हटलं, स्कोपचं राहू दे. ज्या विषयात जाशील तिथे वाट कशाची बघावी लागते, ते आधी विचार. संशोधनाची निम्मी वर्षं वाट बघण्यातच जातात, आणि प्रत्येक विषयाचं वाट बघणं वेगळं असतं. एखाद्याला पावसाची वाट बघणं झेपतं, पण माणसांची नाही.

डॉक्टरांपासून सुरुवात करते, कारण माझा रोजचा राबता त्यांच्याशी. एम.डी. किंवा एम.एस. तीन वर्षांचं. पहिल्या काही महिन्यांत सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, द्यायचा, तो एथिक्स कमिटीपुढे जातो, मंजुरी मिळाली की पेशंट गोळा करायचे, आणि परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध हातावेगळा करायचा. म्हणजे प्रत्यक्ष कामाला मिळतात जेमतेम दीड वर्षं, तीही छत्तीस तासांच्या ड्युट्या सांभाळून. त्यामुळे बहुतेक जण माझ्याकडे शेवटच्या महिन्यात उगवतात. पेनड्राइव्ह पुढे करतात आणि म्हणतात, “मॅडम, तेवढी पी व्हॅल्यू काढून द्या.” म्हणजे, खरा फरक नसताना एवढा फरक नुसत्या योगायोगानं दिसायची शक्यता किती, तो आकडा.

मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता, उघडला की मला त्या पोराची दीड वर्षं दिसतात. वयाच्या रकान्यात कुठे ‘४५’, कुठे ‘४५ वर्षे’. हिमोग्लोबिन ‘१०.२ ग्रॅम’ असं अक्षरांसकट टाइप केलेलं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी तो आकडाच नाही. रात्री दोन वाजता भरलेल्या ओळी ओळखू येतात. ‘चार पी क्यू भागिले एल वर्ग’ हे नमुन्याचा आकार काढायचं सूत्र प्रत्येक प्रबंधात असतं. पण कितीदा तरी आधी ‘ओपीडीत वर्षाला साठच पेशंट मिळतील’ हे ठरलेलं असतं आणि मग त्यात बसेल असा ‘पी’ (आजाराचं अंदाजी प्रमाण; पी व्हॅल्यू वेगळी) कुठल्यातरी जुन्या पेपरातून शोधून आणलेला असतो. मी हे दरवर्षी बघते आणि दरवर्षी कुरकुरते.

मात्र या शाखेत जी गोष्ट शिकायला मिळते ती दुसरीकडे क्वचित मिळते. आमच्या एथिक्स कमिटीत एक सामान्य नागरिक सभासद असतात, तसा नियमच आहे. एकदा एका रेसिडेंटनं संमतिपत्रात लिहिलं होतं, ‘आपली निवड यादृच्छिक पद्धतीने करण्यात येईल.’ हे सभासद म्हणाले, “डॉक्टर, मी मराठी शाळेत शिकलो, तरी मला हा शब्द कळला नाही. पेशंटला काय कळणार?” मग त्या जागी ‘चिठ्ठ्या टाकून’ असं आलं. पुढची गंमत वॉर्डात झाली. चिठ्ठ्या टाकून औषध ठरवणार म्हटल्यावर पेशंटचा मुलगा म्हणाला, “म्हणजे कुठलं औषध चांगलं, ते तुम्हाला माहीत नाही?” रेसिडेंट गडबडला. खरं उत्तर ‘हो, माहीत नाही’ हेच होतं. माहीत असतं तर चिठ्ठ्या टाकणं पाप झालं असतं. हे वाक्य पेशंटच्या डोळ्यांत बघून म्हणता येणं, ही वैद्यकीय संशोधनाची खरी प्रवेश परीक्षा. नीटमध्ये ती नसते.

हॉस्पिटलच्या बाहेर पडलं की वैद्यकातलं वाट बघणं लांबत जातं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायचा जो अभ्यास केला, त्यात ३९ गावांत आरोग्यदूत नेमले आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. काम १९९३ ला सुरू झालं. पहिली दोन वर्षं फक्त जन्म आणि मृत्यू मोजण्यात गेली. निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला १९९९ साली: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आमच्याकडचे विद्यार्थी हा ६२ चा आकडा पाठ करतात, मोजण्यात गेलेली ती दोन वर्षं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्याच्याही आधी न्यूमोनियाच्या कामात, ज्या सुईणींना बारापुढे मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी या मंडळींनी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन बनवलं होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. माझ्या मते संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला हेच दाखवावं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्येच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं गरोदर बायांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. त्यातली बाळं आता तिशीत आहेत आणि अभ्यास चालूच आहे. असल्या कामात तुम्ही रुजू होता तेव्हा सुरुवात करणारे निवृत्तीला आलेले असतात.

शेतीतलं वाट बघणं उलट, त्याला तारीख असते. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांपैकी एकीकडचा मुलगा माझ्याकडे सोयाबीनचा प्रयोग घेऊन आला. आठ ट्रीटमेंट (तुलना करायच्या आठ पद्धती), तीन रेप्लिकेशन (तोच संच तीनदा), चोवीस प्लॉट. जूनमध्ये पेरणी चुकली तर ‘पुढच्या आठवड्यात करू’ हा पर्याय नसतो, पुढचा जूनच. एम.एस्सी. दोन वर्षांची, म्हणजे हाती दोनच खरीप. त्यातला पहिला कोर्सवर्कमध्ये आणि विषय ठरण्यात निम्मा जातो. आडसाली उसाचा विषय घेतलात तर एकच पीक सोळा-अठरा महिने शेतात उभं राहतं. विषय निवडताना पंचांग आणि पदवीचा नियम शेजारी शेजारी ठेवून बघा, असं मी या मुलांना सांगते. ती हसतात आणि मग खरंच बघतात.

या मुलाच्या आकड्यांत एका रेप्लिकेशनचं उत्पादन सगळीकडे थोडं जास्त येत होतं. खत, जमीन, पाणी सगळं तपासलं. शेवटी त्याला विचारलं, कापणीच्या दिवशी तू कुठे होतास? बहिणीच्या साखरपुड्याला. प्रयोगात कडेच्या ओळी वजनात धरत नाहीत, कारण कडेच्या झाडांना ऊन आणि जागा जास्त मिळते. आधी त्या ओळी कापून बाजूला काढायच्या आणि आतल्या नेट प्लॉटचंच वजन करायचं. बायांनी सरळ सगळं कापून एकत्र बांधलं. त्यांचं काय चुकलं? पीक कापायला बोलावलं होतं, त्यांनी कापलं.

कडेची ही भानगड जुनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात देशभरात पीककापणीचे नमुने घ्यायची पद्धत बसवली, तेव्हा प्लॉट लहान असावा की मोठा यावर त्यांचं आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं जोरात वाजलं होतं. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की प्लॉट जितका लहान तितकी आतल्या क्षेत्राच्या मानानं कड जास्त, आणि हद्दीच्या दोरीवर आलेलं रोप कापणाऱ्याचा हात आपसूक आतच घेतो. मग उत्पादन फुगतं. दोन थोर संख्याशास्त्रज्ञ दोरीवरच्या रोपावरून भांडले, हे मला फार आवडतं.

प्रयोगशाळेतल्या मंडळींशी माझा संबंध कमी, म्हणून थोडक्यात सांगते. तिथलं वाट बघणं म्हणजे यंत्राचा नंबर. रसायनशास्त्रातल्या एका मुलीनं मला सांगितलं होतं की तिच्या पीएचडीतलं एक वर्ष ‘स्लॉट’ या शब्दात गेलं. रात्री तीनचा स्लॉट मिळाला तर रात्री तीन. ज्यांना लवकर झोप येते त्यांनी विचार करावा.

आता मानव्यविद्या. इथे माझी स्वतःची चूक सांगणं भाग आहे.

मराठी विभागात पीएचडी करणाऱ्या एक बाई आल्या. जात्यावरच्या ओव्या गोळा करत होत्या. कुणीतरी त्यांना घाबरवलं होतं की ‘सॅम्पल साइज’ नसेल तर प्रबंध टिकणार नाही. मी तेव्हा नवीन होते, उत्साहात होते. सूत्र लावलं आणि म्हटलं, ३८४. संख्याशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हा आकडा झोपेतही सांगता येतो. ३८४ कशाचे? मी म्हटलं, बायांचे. प्रत्येकीच्या साधारण दहा ओव्या घ्या, म्हणजे समतोल राहील.

त्या बाई सरळमार्गी. गावोगाव फिरल्या आणि दहा-दहा ओव्या लिहून घेत पुढे गेल्या. एका गावात एक आजी भेटल्या, त्या थांबेचनात. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या, सवतीच्या, एकीतून दुसरी निघत होती. दहा झाल्यावर बाईंनी वही मिटली, कारण मी सांगितलं होतं. वर्षभरानं गाईडनं विचारलं, या आजींच्या बाकीच्या ओव्या कुठायत? बाई धावत परत गेल्या, तर आजी मुलाकडे मुंबईला राहायला गेलेल्या. पत्ता काढून फ्लॅटवर पोचल्या. आजींनी चहा दिला, ओळखलंही. ओव्या मात्र येईनात. म्हणाल्या, “जातं नाही बाई इथं. हात फिरल्याशिवाय तोंडाला येत नाही.”

हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हा साठा मी नंतर बघितला आणि शरमले. तिथे प्रत्येक ओवीपुढे बाईचं नाव आहे, गाव आहे. माझ्या ३८४ मध्ये त्या आजी म्हणजे नुसता एक अनुक्रमांक होता. मानव्यविद्येतल्या माणसानं आमच्या आकड्याला घाबरू नये. तिथे एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि वाट त्याच्या बोलण्याची बघावी लागते.

मोडीवाल्या गृहस्थांनी मला दुसरा धडा दिला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत, त्यांतून ते धान्याचे भाव काढत होते. त्यांनी वही दिली, मी साल आणि भाव असे दोन रकाने करून आलेख काढला. मधेच एका ठिकाणी भाव एकदम चढले. मी खूश, दुष्काळ सापडला! त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “ताई, यातली काही सालं शुहूर आहेत, काही फसली.” या दोन वेगळ्या जुन्या कालगणना. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, दख्खनच्या फसलीत ५९० किंवा ५९१. मी सगळ्यांत ६०० मिळवले होते. काही कागद नऊ-दहा वर्षं पुढे सरकले आणि त्यांच्याबरोबर माझा दुष्काळही उगवला. वर, मण हे माप गावोगाव वेगळं. इतिहासवाल्याला ‘यांना गणित येत नाही’ म्हणून हसणाऱ्यांनी एकदा त्या वह्या बघाव्यात.

हिशेबाचंही बोलून टाकते, कारण तो प्रश्न नवी मुलं लाजून शेवटी विचारतात. रेसिडेंट डॉक्टरांना विद्यावेतन असतं. बाकीच्यांपैकी ज्यांना जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळते त्यांना २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (सीनियर) झाल्यावर ४२,०००. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. पण मंजूर होणं आणि खात्यात जमा होणं यांत अंतर पडू शकतं. सहा महिने निघतील एवढी शिल्लक किंवा शिकवणीचं काम हाताशी ठेवा. पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं आणि कमाल सहा. विषय ठरवण्याआधी ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या वेबसाइटवर त्या विभागाचे चार-पाच प्रबंध उघडून बघा, फुकट दिसतात. प्रस्तावना सोडा, ऋणनिर्देश वाचा. कुणाचे आभार मानलेत यावरून दिवस कुणाबरोबर गेले ते कळतं: ग्रंथपाल, शेतमजूर, वॉर्डातल्या सिस्टर, की यंत्रावरचा टेक्निशियन. गाईडला भेटाल तेव्हा भेटा, त्याआधी त्यांच्याकडे तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला गाठा आणि कॅन्टीनमध्ये चहा पाजा. पहिल्या वर्षाचा फार उत्साही असतो, पाचव्या वर्षाचा फार कडवट.

सोसायटीतल्या त्या मुलीला मी तीन ठिकाणी एकेक दिवस बसायला पाठवलं. ओपीडीत आमच्या रेसिडेंटबरोबर, एका प्रयोगाच्या शेतावर, आणि दफ्तरात त्या मोडीवाल्या काकांशेजारी. ओपीडीतून ती दुपारीच परतली, माणसांची एवढी गर्दी तिला सोसली नाही. शेतावर मजा आली म्हणाली, पण पाठ दुखली. दफ्तरातून संध्याकाळी आली तेव्हा ओढणीला धूळ लागलेली होती.

“काय सापडलं?”

“काही नाही. दिवसभरात एक रुमाल झाला. निम्मे कागद घोड्यांच्या गवताच्या हिशेबाचे निघाले.”

“मग?”

“काकू, गवत महाग होत गेलंय. काका म्हणाले, कुठलं साल लावलंय ते आधी बघ. उद्या परत जाणारे.”