एक्सलेटर अडकतोय? तो ऑइलचा स्प्रे आधी खाली ठेवा

डर्ट बाईकची रेस, म्हणजे एक्सलेटर, सोडल्यावर मूठ परत फिरली नाही की सगळीकडून एकच सल्ला येतो, केबलमध्ये ऑइल मार. हा सल्ला ऐकला की डोकं फिरतं माझं, कारण अडकायच्या जागा बऱ्याच असतात, मुठीखालची प्लॅस्टिकची ट्यूब, हँडलचं टोक, केबल, कार्बची (कार्बुरेटरची) स्लाइड, म्हणजे आत वरखाली होऊन हवा सोडणारा तुकडा, आणि कुठे अडकतंय ते न बघता मारलेलं ऑइल धूळ धरून ठेवतं, मग आठ दिवसांनी तेच दुखणं दुप्पट.

किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) चालतोय का ते सगळ्यात आधी बघा. चालू गाडीत रेस अडकली तर क्लच दाबून किल स्विच मारायचा, बाकी काही करत बसायचं नाही.

आता इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि एकदम सोडा. टक्क आवाज होऊन बंद झाली पाहिजे, हळूहळू सरकत गेली तर ती नापास. हेच हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पण करायचं. कार्बमध्ये ॲक्सिलरेटर पंप असेल तर उगाच सारखं पिळू नका, दर वेळी आत पेट्रोल उडतं आणि मग गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते.

इथे सगळं टक्क बंद होतंय पण चालू गाडीत रेस उतरायला वेळ लागतोय? मग केबलला हात लावू नका. ते हवा जास्त आणि पेट्रोल कमी जात असल्याचं लक्षण आहे, कार्ब आणि इंजिनच्या मधला रबर तडकलाय का, क्लॅम्प ढिला आहे का, पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलाय का ते बघा.

मूठच अडकत असेल तर केबल कार्बच्या बाजूने सोडवा आणि मूठ फिरवा. अजून जड असेल तर दोष वरच्या बाजूला आहे, मोकळी फिरत असेल तर स्लाइड हाताने वरखाली करून बघा. वरचा दोष बहुतेक वेळा फालतू असतो, गाडी पडली की हँडलचं टोक किंवा हँडगार्ड ट्यूबवर दाबून बसतो, नाहीतर ग्रिप आत सरकून हाउसिंगला (ट्यूबवरच्या डबीला) घासते. तिथे एक-दोन मिलिमीटर फट ठेवा. ट्यूब आणि हँडल पुसून कोरडं बसवा, ग्रीस अजिबात नको.

आणि आता केबलचा रस्ता, ज्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय आणि ज्याबद्दल कोणी धड सांगत नाही. केबल नवीन असते, हातात धरून ओढली तर लोण्यासारखी सरकते, आणि गाडीवर बसवली की अडकते! कारण केबल कुठेतरी जास्त वाकलेली असते नाहीतर दाबली जात असते. नेहमीच्या जागा दोन, एक म्हणजे हँडलच्या मानेजवळ, जिथे हँडल वळलं की केबल चिमटते, आणि दुसरी टाकीखाली. टाकी काढून सगळं तपासलं, मस्त चाललं, टाकी बसवली आणि परत जड, असं झालं तर समजून जा की टाकी केबलवर बसलीये. म्हणून टाकी आणि सीट बसवल्याशिवाय केबलची टेस्ट पूर्ण झाली असं मी मानतच नाही, तुम्ही पण मानू नका.

झिप टाय आवळून केबल फ्रेमला जखडणारे लोक तर मला समजतच नाहीत, हँडल वळतं तेव्हा केबलला सरकायला जागा लागते ना. टाय ढिलाच ठेवायचा. जुनी केबल काढायच्या आधी तिच्या रस्त्याचे फोटो काढून ठेवा, नवीन उंच हँडल टाकलं असेल तर जुनी केबल तोकडी पडतेय का ते बघा. आणि टोकाच्या गाठीजवळ एक जरी तार तुटलेली दिसली तर केबल बदला, जुगाड नको, ती तुटकी तार आत गोळा होऊन नेमकी फुल रेसमध्ये अडकवते.

मग फ्री प्ले, म्हणजे केबल ओढली जायच्या आधी मूठ जेवढी रिकामी फिरते तेवढं अंतर. बहुतेक गाड्यांना मुठीच्या कडेला 3 ते 5 मिलिमीटर लागतो, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच धरा. मोकळ्या हवेत न्यूट्रलमध्ये गाडी चालू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, रेस वाढली तर प्ले कमी आहे नाहीतर रस्ता परत चुकलाय.

धुताना प्रेशरचं पाणी हाउसिंगवर मारू नका, एअर फिल्टर स्वच्छ ठेवा, त्यातून गेलेली माती स्लाइडमध्येच जाऊन बसते. टू स्ट्रोकची स्लाइड काढली असेल तर परत बसवताना तिची कापलेली बाजू फिल्टरकडे येऊ द्या. उलटी बसली तर स्लाइड खाली पूर्ण बंद होत नाही आणि किक मारल्या मारल्या इंजिन फुल रेसला जातं, म्हणून झाकण लावल्यावर किक मारायच्या आधी मूठ सोडून स्लाइड खाली आपटल्याचा आवाज ऐकाच.