नाट्यवर्गातले सुरुवातीचे खेळ कसे घ्यावेत

मे महिना आला की कोकणात गावोगावी बालनाट्य शिबिरं भरतात. कुठे शाळेच्या कौलारू वर्गात, कुठे देवळाच्या सभामंडपात, कुठे समाजमंदिरात. शिबिर घ्यायला उभ्या राहणाऱ्या नव्या ताई-दादांना एक सल्ला हमखास मिळतो: 'आधी पोरांना चांगली दमवा, मग ती ऐकतात.' हा सल्ला विसरा. त्या दमट हवेत पंधरा मिनिटं पळवलेलं मूल ऐकत नाही, भिंतीला टेकून पाणी मागतं. सुरुवातीचे खेळ दमवायला नसतात. समोरच्याकडे बघायची आणि त्याचं ऐकायची तयारी व्हावी म्हणून ते घ्यायचे. कुठला खेळ घ्यायचा आणि कधी बदलायचा, हे त्यावरूनच ठरतं.

इथे मी ९ ते १४ वयाची २०-२५ मुलं आणि दोन तासांचा वर्ग धरला आहे. खेळांना त्यातली २० मिनिटं पुरे.

जागा. सगळे अनवाणी. घाम पडून लादी निसरडी होते आणि चिऱ्यांच्या अंगणात गुडघे सोलवटतात, म्हणून पकडापकडी दोन्हीकडे नको. दप्तरं, बाटल्या एका कोपऱ्यात.

नावं. गोल करून प्रत्येकाने आपलं नाव एका हालचालीसह सांगायचं आणि सगळ्यांनी ते तसंच परत करायचं. बुजऱ्या मुलाला हालचाल सुचली नाही तर शेजाऱ्याचीच करू दे. त्याच्यासाठी वर्ग थांबवू नका. थांबलात की तो आणखी बुजतो.

टाळी. शेजाऱ्याकडे वळायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि दोघांनी एकाच क्षणी टाळी वाजवायची. मग त्याने पुढच्याकडे वळायचं. दोन फेऱ्यांनंतर वेग वाढवा, मग उलट दिशेने दुसरी टाळी सोडा. समजावून सांगत बसू नका, एकदा करून दाखवा.

चुकलेल्याला 'आऊट' करायचे खेळ मी वर्गात घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नयेत. ज्याचं लक्ष उडालेलं असतं तोच पहिला बाद होतो, म्हणजे खेळाची सगळ्यात जास्त गरज असलेलं मूल कोपऱ्यात बसतं. 'बाई, मी आऊट?' असं कुणी विचारलं की 'नाही, पुढची टाळी दे' एवढंच सांगायचं.

पेटलेला वर्ग खाली आणणं. खरी कसोटी इथे आहे आणि याच टप्प्याने मला वर्षानुवर्षं छळलं. टाळ्या जोरात चाललेल्या, मुलं ओरडताहेत, उड्या मारताहेत, दारात कुणाचे तरी पालक डोकावताहेत. आणि आता तुम्हाला संवादाकडे वळायचं आहे.

बहुतेक जण इथे शिट्टी मारतात किंवा 'शांत बसा!' म्हणून ओरडतात. मुलं थांबतात, पण तुमच्या धाकाने. तुमची पाठ वळली की गोंगाट परत सुरू, आणि आठवडाभरात शिट्टीचंही काही वाटेनासं होतं. दुसरा उपाय सांगणारे म्हणतात, सगळ्यांना आडवं झोपवा, डोळे मिटून खोल श्वास घ्यायला लावा. उड्या मारणारं मूल असं एकदम निजवलं की कुणीतरी पोटातून आवाज काढतं, सगळे फिदीफिदी हसतात, आणि लहानातलं एखादं गार लादीवर खरंच झोपी जातं.

दोन्हींत एकच गोष्ट बिघडते. टाळीच्या खेळात मुलं एकमेकांकडे जिवाच्या आकांताने बघत असतात. नाटकात हवं ते नेमकं हेच. शिट्टीने ते लक्ष तुमच्याकडे वळतं, डोळे मिटले की विझून जातं. म्हणून खेळ थांबवायचा नाही. चालू खेळातून फक्त आवाज काढून घ्यायचा.

मी ते असं करते. टाळी फिरत असतानाच हळू आवाजात सांगते, 'आता नाव नाही, नुसती टाळी.' एका फेरीनंतर, 'टाळी वाजू द्यायची नाही.' तळहात जवळ येतात आणि बोटभर अंतरावर थांबतात. आता कानांचा आधार गेला, त्यामुळे डोळ्यांत बघावंच लागतं. मग, 'गोल मोडा, चालत राहा, टाळी चालूच.' थोड्या वेळाने, 'टाळी सोडा, नुसतं चाला. रिकामी जागा दिसेल तिकडे जा.' आणि शेवटी, 'कुणीही एक थांबला की सगळे थांबा. कुणीही एक चालू लागला की सगळे चाला.' कुणी थांबायचं ते मी सांगत नाही. पहिल्या दिवशी मागचे चार जण चालतच राहतात. राहू द्या. दोन-तीन दिवसांत सगळा वर्ग जवळजवळ एकदम थांबायला लागतो आणि 'शांत' हा शब्द उच्चारावाच लागत नाही.

खेळ न थांबवता बाहेरून सूचना देत राहण्याच्या या रीतीला 'साइड कोचिंग' म्हणतात. शिकागोत मुलांबरोबर काम केलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी ती रुजवली. माझे त्याबाबतचे नियम कडक आहेत: सूचना एका वाक्याची, मुलाचं नाव घ्यायचं नाही, आणि मध्येच शाबासकीही द्यायची नाही. 'वा, सोनाली!' म्हटलं की बाकीचे सगळे सोनालीकडे वळतात.

चिपळूण-गुहागरकडच्या मुलांबरोबर हीच उतरण जाखडीच्या ठेक्यावर घेता येते. गाणारे-वाजवणारे मध्ये आणि नाचणारे भोवती, हे त्यांनी शिमग्या-गणपतीत पाहिलेलं असतं. ठेका धरून गोल फिरू द्या, मग पावलांचा आवाज काढून घ्या आणि ठेका मनात चालू ठेवायला सांगा.

मोजणी. चालणं थांबलं की आहेत तिथेच उभं राहून १ ते २० मोजायचं. कुणीही पुढचा आकडा म्हणायचा, एकाने एकदाच. दोघं एकदम बोलले की परत एकपासून. कोपराने खुणा करून क्रम ठरवणारी पोरं निघतातच, त्यांना पांगवून उभी करा. रोज वीसपर्यंत पोचायचा हट्ट नको. पहिल्या दिवशी नऊवर थांबलात तरी चालेल, फक्त 'हरलो' म्हणू नका.

कुडाळ-मालवणकडे मी इथे एक प्रश्न विचारते. जत्रेत दशावतार पाहिला ना? त्यात गोष्ट ठरलेली असते, पण बोलणं लिहिलेलं नसतं. मग आपली पाळी आली हे राजाला कसं कळतं? मुलं स्वतःच सांगतात: समोरच्याकडे बघून, त्याचं बोलणं संपताना ऐकून. एवढं निघालं की मोजणी का करायची ते वेगळं सांगावं लागत नाही.

पावसाळ्यात. जुलैत पत्र्याखाली वर्ग घेत असाल तर तुमचा आवाज कुणापर्यंत पोचणार नाही. घसा फोडू नका. तुम्ही हात वर केलात की ज्याला दिसेल त्याने करायचा, असं पहिल्याच दिवशी ठरवा. अशा दिवशी मोजणी गाळा आणि चालणं-थांबणं जास्त वेळ घ्या.

संवादाकडे. पाणी प्यायचं ते चालायला लागण्याआधी, मोजणीनंतर नाही. मोजणी संपली की 'चला, आता नाटकाला सुरुवात करूया' असं जाहीर करू नका, मुलं लगेच सैलावतात. त्याच जागी, तशाच उभ्या असलेल्या दोघांना प्रवेशाचं पहिलं वाक्य एकमेकांना म्हणायला लावा. बाकीचे आपापल्या जागेवरून ऐकतील.

एसटी चुकल्यामुळे कुणी उशिरा आलं तर त्याला दारात उभं करून कारण विचारत बसू नका. चालण्याच्या टप्प्यात ते मूल सहज मिसळतं. मोजणी सुरू झाली असेल तर ती संपेपर्यंत शेजारी बसवा आणि कारण वर्ग सुटल्यावर विचारा.