राक्षसांच्या शिकारीची ऐतिहासिक कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

मराठवाड्यातली कॉलेजची मुलं-मुली मला आपल्या कादंबऱ्यांचे खर्डे वाचायला देतात. त्यातले बरेच एकाच जातीचे असतात: जुना काळ, राक्षस मारणारी तरुण टोळी आणि त्या टोळीतल्या दोघांचं प्रेम. मला हा प्रकार मनापासून आवडतो, आणि त्याला लागणारं सगळं सामान आपल्याकडे पडलेलं आहे. पण खर्डा उघडला की पहिल्याच पानावर दाट धुकं, काळे झगे, चांदीची शस्त्रं आणि परमुलखातला सैतान भेटतो, आणि वर लिहिलेलं असतं, ‘देवगिरी, १२९६’. कादंबरी तिथंच बिनसते. ती कशी सावरायची, ते देवगिरीचंच उदाहरण धरून सांगते.

राक्षस उसना आणू नका

सगळ्यांत मोठी चूक हीच. राक्षस बाहेरून आला की त्याला मारायची रीतही बाहेरून येते, आणि मग तुमच्या नायिकेच्या हातात काय द्यावं हेच तुम्हाला सुचत नाही.

त्यापेक्षा एक दिवस वेरूळला जा आणि २९ व्या लेण्यातलं, म्हणजे धुमार लेण्यातलं अंधकासुरवधाचं शिल्प नीट बघा. अंधकाची कथा अशी, की त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा अंधक उभा राहतो. म्हणून शिव त्याला भोसकतो आणि त्याच वेळी रक्त झेलायला पात्र धरतो. मातृका देवीही ते रक्त वरच्या वर पिऊन टाकतात. ‘राक्षसाचे नियम काय?’ हा प्रश्न ज्यांच्या खर्ड्यात सुटलेला नसतो, त्यांना मी हेच शिल्प बघायला पाठवते. यात एक नियम आहे, त्या नियमातून एक धोका निघतो आणि त्या धोक्यातून एक धंदा निघतो. शिकार करायला दोघं लागतात. एकानं भोसकायचं, दुसऱ्यानं थेंब झेलायचा.

नियम असा एका वाक्यात सांगता आला पाहिजे. खर्डा मधेच अडला असेल, तर बहुतेक वेळा नियमच ठरलेला नसतो. राक्षस दहाव्या प्रकरणात अजिंक्य असतो आणि विसाव्यात उगाच मरतो. अशा वेळी नवी प्रकरणं लिहीत बसू नका. मागं जाऊन ते एक वाक्य आधी लिहा.

लोककथेतली भुतं घेतलीत तर त्यांची जागा बदलू नका. मुंजा पिंपळावर राहतो, आसरा पाण्याशी असतात, चकवा वाट चुकवतो. विहिरीतला मुंजा आणि माळावरची आसरा वाचून घरातली आजी पुस्तक खाली ठेवील. लोणारचा लवणासुर घ्यायचा तर जरूर घ्या, पण लोणार विदर्भात आहे. देवगिरीहून तिथवर जायला तुमच्या टोळीला किती दिवस लागतील, ते कोसांवरून मोजा.

काळ नुसता तारखेत ठेवू नका

१२९६ साली अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला तेव्हा तिथं रामचंद्रदेव यादवाचं राज्य होतं. दौलताबाद हे नाव पुढं तुघलकाच्या काळात पडलं. चांदमिनार पंधराव्या शतकातला आहे, त्यामुळं त्याच्या सावलीत तुमची जोडी भेटू शकत नाही. तोफा, बंदुका नाहीत. औरंगाबाद नाही. मलिक अंबरनं खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली ती १६१० मध्ये. वेरूळचं कैलास लेणं मात्र तेव्हाही पाचशे वर्षांचं जुनं होतं, ते खुशाल वापरा.

स्वयंपाकघरातली चूक सगळेच करतात. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे सोळाव्या शतकात. म्हणून यादवकाळातल्या दारावर लिंबू-मिरची टांगता येत नाही, दृष्ट काढताना मिरच्या जाळता येत नाहीत आणि नायकाच्या भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचाही येत नाही. मीठ, मोहरी, बिब्बा हे चालेल. शेंगदाण्याची चटणी आणि बटाटाही काढून टाका.

वेळ मिनिटांत सांगू नका. घटका आणि प्रहर आहेत. आणि दर रात्रीची तिथी समासात लिहून ठेवा. अमावास्येला टिपूर चांदण्यात झालेली लढाई मी तीन खर्ड्यांत वाचली आहे.

भाषेचं काम जास्त नाजूक आहे. ‘शिकारी’ हाच शब्द फारसी आहे. मशाल, खंजीर, जादू, नजर, हवा, आवाज हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. खवीससुद्धा. निवेदन आजच्या मराठीत असू द्या, नाहीतर पोरं वाचणारच नाहीत. पण संवादांत मशालीऐवजी दिवटी, खंजिराऐवजी कट्यार, किल्ल्याऐवजी गड वापरला की काळ आपोआप उभा राहतो. शिकाऱ्याला ‘पारधी’ म्हणायचा मोह होतो. तो एका समाजाच्या नावाचा शब्द आहे, आणि इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यातून पुढं अशा जमातींवर जन्मानंच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो भार विचार न करता उचलू नका. त्यापेक्षा टोळीला तिच्या कामावरून नाव द्या. भोसकणारा ‘शूळकरी’, थेंब झेलणारी ‘झेलकरीण’. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं हे शब्द घडवले आणि तिचा खर्डा त्या दिवसापासून चालायला लागला.

प्रेमाला वेगळा डबा जोडू नका

एका प्रकरणात लढाई, एका प्रकरणात प्रेम, असं आलटून पालटून लिहिलं की वाचक प्रेमाची पानं उलटून पुढं जातो. आता परत त्या दोघांकडे बघा. तो भोसकतो आहे, ती पात्र धरून उभी आहे. त्याला लागलं. तिनं पात्रावरचे डोळे उचलून त्याच्याकडे पाहिलं, तर थेंब जमिनीवर पडणार. नाही पाहिलं, तर तो जगेल की मरेल तेही तिला कळणार नाही. एवढ्यात सगळी प्रेमकथा आली. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य मग कुणाला म्हणावंच लागत नाही.

त्या काळात दोघं भेटणार कुठं, हा प्रश्न खरा आहे. आजच्यासारखी ती एकटी हिंडत होती असं दाखवू नका, पण ती घरातच कोंडलेली होती असंही धरून चालू नका. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात बायका होत्या. त्यातल्याच महदंबेनं त्याच काळात धवळे, म्हणजे लग्नाची गाणी रचली. गंगाखेडची जनाबाईही याच काळातली. घर सोडून भिक्षा मागत फिरणारी बाई ही त्या जगात नुसती कल्पना नव्हती, ती खरोखर वाटेनं चालत होती. तुमची झेलकरीण अशाच एखाद्या वाटेवर भेटू द्या. बारव आहे, जत्रा आहे. पौष-माघात ज्वारी हुरड्यात आली की रात्रीची आगटी आहे, माळ्यावर गोफण घेऊन राखण करणारी पोरं आहेत. अंगावर राख उडालेली, हात कणसं चोळून हिरवे झालेले, आणि मधेच शेतातली कोल्हेकुई थांबते. हे एक प्रकरण चांगलं लिहा, काळ्या झग्यांची गरज राहणार नाही.

अंबाजोगाईच्या योगेश्वरीची कथा तर सगळ्यांनी ऐकलेली. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड शिळा होऊन राहिलं आणि देवी कुमारिकाच राहिली, असं सांगतात. तिनं दंतासुर मारल्याचीही कथा आहे. राक्षसवध आणि राहून गेलेलं लग्न एकाच देवीच्या वाट्याला आलेलं आहे, आणि तरीही आपली मुलं शोकांत प्रेमाचा नमुना परदेशी मालिकांत शोधतात, याचं मला वाईट वाटतं.

शेजाऱ्याला राक्षस करू नका

खलजीच्या फौजेलाच राक्षसांची फौज करून टाकणं सोपं वाटतं. करू नका. पंधरा-सोळा वर्षांची वाचक आपल्या वर्गात ज्याच्या शेजारी बसते, त्याच्याकडे ती उद्या कशी बघेल याची जबाबदारी लेखकाची आहे. राक्षसाला बाजू नसावी. तो युद्धावर जगतो, दोन्हीकडच्या जखमांवर वाढतो, असं केलंत तर अंधकाच्या रक्ताचा नियमही चपखल बसतो.

याहून गंभीर गोष्ट भानामतीची. मराठवाड्यात हा शब्द कथेतला नाही. घरावर दगड पडतात, बायका विचित्र आवाज काढतात आणि मग गाव एखाद्या विधवेकडे, एकट्या राहणाऱ्या बाईकडे बोट दाखवतं. तिला मारहाण होते. महाराष्ट्रानं २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशाच प्रकारांसाठी. तुमच्या कादंबरीत गावानं जिच्यावर संशय घेतला ती म्हातारी शेवटी खरंच चेटकीण निघाली, तर तुम्ही गावाला बरोबर ठरवलंत. असं प्रकरण लिहून झालं असेल तर फिरवा. तिच्यावर आळ येऊ द्या, टोळीतल्या एकाला तो खराही वाटू द्या, आणि झेलकरणीला तिच्या दारात आडवी उभी करा.

शेवट

देवगिरी पडली. पुढच्या पंचवीस वर्षांत यादवांचं राज्यही उरलं नाही. हा इतिहास तुमच्या टोळीला उलटवू देऊ नका, वाचकाला ते खोटं वाटतं. इतिहासात ज्या फटी आहेत तिथं शिरा. गडावर धान्य म्हणून नेलेल्या गोण्यांत मीठ निघालं आणि म्हणून वेढ्यापुढं टिकता आलं नाही, अशी कथा नंतरच्या फारसी तवारिखांत येते. त्या गोण्या कुणी बदलल्या? का? मीठ आणि लवणासुर यांचं काही नातं आहे का? इथं तुम्हाला हवं ते लिहायची मोकळीक आहे. गड पडू द्या. शूळकरी आणि झेलकरीण गडाखालच्या एका बारवेपाशी उरतील, पात्र काठोकाठ भरलेलं असेल, आणि ते कुठं रितं करायचं हे दोघांनाही माहीत नसेल.