फोन लागला नाही की जीव का घाबरा होतो? मोठ्या माणसांसाठी अटॅचमेंट थेरपी

नवऱ्याला घरी यायला अर्धा तास उशीर झालाय आणि फोन लागत नाही. एखादी म्हणते, गाडी अडकली असेल. दुसरीच्या छातीत धडधड सुरू होते, ती सात वेळा फोन लावते आणि तो दारात आला की पहिलं वाक्य भांडणाचंच निघतं. त्याची सवय अशी, की आवाज चढला की गप्प व्हायचं, दोन घास खायचे आणि मोबाईल घेऊन गॅलरीत जायचं. तो जितका गप्प, तितका तिचा आवाज वर. आवाज जितका वर, तितका तो आणखी आत. अटॅचमेंट म्हणजे जवळच्या माणसाशी असलेला भावनिक बंध. अटॅचमेंट थेरपी या फेऱ्यावर काम करते. ती एकट्याला घेता येते, जोडीनेही घेता येते.

यामागचा विचार ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा. १९६९पासून तीन खंडांत त्यांनी तो मांडला. भीती वाटली की आपल्या माणसाजवळ धावणं ही मुलाची उपजत गरज आहे. जवळ गेल्यावर काय होतं, त्यावरून ते पुढची रीत शिकतं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण केलं. आई जेमतेम तीन मिनिटं खोलीबाहेर जायची. आई गेल्यावर बाळ किती रडलं, यापेक्षा ती परतल्यावर त्याने काय केलं, हे जास्त बोलकं ठरलं. काही बाळं कुशीत शिरून शांत झाली, काही चिकटूनही रडत राहिली, काहींनी तोंड फिरवून खेळण्यात डोकं घातलं. १९८७मध्ये मानसशास्त्रज्ञ सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर यांनी हीच नजर मोठ्यांच्या प्रेमसंबंधांकडे वळवली. गॅलरीत जाणारा नवरा तोंड फिरवणाऱ्या बाळासारखाच. आतून तोही अस्वस्थ असतो, फक्त ते दाखवून काही मिळतं, असा त्याचा अनुभव नसतो.

सुरुवातीलाच एक सावधगिरी. ऑनलाइन चाचणी देऊन स्वतःला ‘अँक्शस’ (धास्तावलेला) किंवा ‘अव्हॉइडंट’ (जवळीक टाळणारा) ठरवू नका. संशोधनात वापरली जाणारी ३६ विधानांची प्रश्नावली दोन गोष्टी मोजते: सोडून जाण्याची धास्ती किती आणि जवळीक टाळण्याकडे कल किती. दोन्ही कमी-जास्त होतात, दोन्ही एकाच माणसात असू शकतात. हा काही रक्तगट नव्हे. मैत्रिणीजवळ निर्धास्त असणारी बाई नवऱ्याजवळ धास्तावलेली असू शकते.

कोणाकडे जायचं

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. समुपदेशक असतील तर शिक्षण कुठे झालं आणि सध्या कोणाच्या देखरेखीखाली काम करतात, ते विचारा. जोडप्यांसाठी ‘इमोशनली फोकस्ड थेरपी’चं (भावनांवर भर देणारी थेरपी) प्रशिक्षण झालं आहे का, हेही विचारा. स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात कॅनडात ती घडवली आणि पुढे जॉन्सन यांनी ती अटॅचमेंटच्या पायावर पक्की केली. असे प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. ‘अटॅचमेंट थेरपी’ या नावाखाली अमेरिकेत मुलांना बळजबरीने दाबून धरण्याचे प्रकार झाले, त्यात मृत्यूही झाले. त्याचा बोल्बींच्या विचाराशी काही संबंध नाही.

पहिली दोन-तीन सेशन्स

जाण्याआधी एका पानावर जन्मापासून पंधराव्या वर्षापर्यंतची रेघ काढा. त्या-त्या वर्षी घरात कोण होतं, कोण गेलं, आपण कुठे होतो, एवढंच लिहायचं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ‘तेव्हा सगळेच असं करायचे’ म्हणून जे सोडून दिलं जातं, ते इथे महत्त्वाचं असतं: धाकटं भावंड झाल्यावर दोन वर्षं आजोळी ठेवणं, वडील मुंबईला आणि बाकी घर गावाला, सातव्या वर्षी वसतिगृह.

मग थेरपिस्ट विचारतील: लागलं-खुपलं की कोणाकडे जायचात? रडलात की काय व्हायचं? संशोधनातल्या एका मुलाखतीत आई आणि वडील या प्रत्येकाशी असलेल्या नात्यासाठी पाच शब्द मागतात आणि प्रत्येक शब्दासाठी एक खरी आठवण. मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही रीत थेरपीतही फार उपयोगी पडते. ‘आई प्रेमळ होती’ हे चटकन येतं. पण प्रेमाचा एक प्रसंग सांगा म्हटलं की बराच वेळ काहीच आठवत नाही, किंवा आठवतो तो तिने ताप असताना शाळेत पाठवल्याचा. शब्द आणि आठवण यांतली ही फट कामाची असते. बालपण कठीण असूनही ते सलग, शांतपणे, आई-वडिलांची अडचण ओळखून सांगता येणारी माणसं नात्यांत स्थिर असू शकतात. म्हणजे घडलेलं बदलत नाही, त्याचा अर्थ लावणं बदलतं. आई-वडिलांवर खटला भरायला हा वेळ वापरला, तर ती संधी हुकते.

फेरा कागदावर मांडणं

आठवड्यातला एकच प्रसंग घ्या. डोकं शांत झाल्यावर, त्याच दिवशी, दहा मिनिटांत लिहा: काय घडलं, शरीरात काय झालं, मनाने काय अर्थ लावला, मी काय केलं आणि त्याच्या तळाशी काय होतं. उदाहरणार्थ, फोन लागला नाही, छाती धडधडली, हात गार पडले, ‘माझी किंमतच नाही’ असं वाटलं, ओरडले, तळाशी एकटं पडण्याची भीती. नवऱ्यानेही लिहायचं: आवाज चढला, मान आखडली, ‘काहीही केलं तरी चूकच’, गप्प बसलो, तळाशी आपण कमी पडतोय याची लाज. तळाची ओळ बहुतेकांची सुरुवातीला कोरी राहते. ती ओढूनताणून भरू नका, सेशनमध्ये न्या.

तिथे थेरपिस्ट तो प्रसंग फार हळू चालवतात. ‘फोन लागला नाही’ या एका क्षणावर वीस मिनिटंही जातात. मग तळातली गोष्ट थेट जोडीदाराकडे वळून बोलायची. ‘तू नेहमीच उशीर करतोस’च्या जागी ‘तुझा फोन लागला नाही की मला एकटं पडल्यासारखं होतं, निघताना एक मेसेज टाकशील?’ ऐकणाऱ्याचं काम जास्त अवघड. तो लगेच कारणं देतो, उपाय सुचवतो. त्याने फक्त ऐकलेलं परत सांगायचं आणि जवळ बसायचं. यासाठी ‘आय लव्ह यू’ म्हणायची सक्ती नाही. ‘जेवलीस का?’, ‘पोचलास की फोन कर’ ही आपली आधार देण्याचीच भाषा आहे. एकत्र कुटुंबातल्या जवळिकीलाच आजार ठरवणारा थेरपिस्ट मिळाला, तर बदला.

घरी भांडण पेटलं तर निदान वीस मिनिटं थांबा, कारण चढलेलं शरीर त्याआधी उतरत नाही. मात्र उठून जाणाऱ्याने परतायची वेळ सांगायची, ‘साडेनऊला येतो’, आणि साडेनऊला यायचंच. वेळ न सांगता उठून गेलात, तर मागे राहिलेल्याला ते सोडून जाणंच वाटतं.

कुठे बिघडतं

शिकलेले शब्द भांडणात शस्त्र होतात: ‘तू अव्हॉइडंटच आहेस.’ सगळी तत्त्वं तोंडपाठ, पण शरीरात काय होतंय ते विचारलं की उत्तर नाही, हा दुसरा प्रकार. दूर राहायची सवय असलेली माणसं नेमकी जवळीक वाढू लागली की सेशन रद्द करतात, ‘आता बरं वाटतंय’ म्हणतात. धास्तावलेली माणसं थेरपिस्टनाच रोज मेसेज करू लागतात. दोन सेशनच्या मधल्या दिवसांत संपर्क कधी आणि किती, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

थेरपिस्ट सुटीवर गेले, उशिरा आले, मनाला लागेल असं काही बोलले, की राग येतो. तो गिळू नका, तिथेच सांगा. थेरपिस्टशी असलेल्या नात्यातच जुन्या अपेक्षा तपासायच्या, हे बोल्बींनी थेरपीचं एक मुख्य काम मानलं होतं. राग सांगूनही समोरचा माणूस निघून गेला नाही, हा अनुभव वीस व्याख्यानांतून मिळत नाही.

घरात मारहाण किंवा जोडीदाराची भीती असेल, तर जोडीने थेरपी सुरू करू नका. तिथे मोकळेपणाने बोललेलं घरी गेल्यावर अंगाशी येतं. आधी सुरक्षितता आणि एकट्याने मदत. आत्महत्येचे विचार, दारू, किंवा मनःस्थितीचे टोकाचे चढउतार असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

जोडप्यांना साधारण ८ ते २० सेशन्स लागतात. जुन्या जखमा खोल असतील तर जास्त. एकट्याचं काम अनेकदा वर्षभर चालतं. भांडणं बंद होतील अशी वाट पाहू नका. भांडणानंतरचा अबोला चार दिवसांवरून एका संध्याकाळवर आला का, ते वहीत नोंदवा. थांबायचं ठरलं तर तीन-चार सेशन आधी तारीख पक्की करा. त्या दिवसांत जुनी धडधड परत येते, जुनं गप्प बसणंही. शेवटचं सेशन मात्र चुकवू नका. नीट निरोप घेऊन संपलेलं नातं अनेकांच्या आयुष्यात ते पहिलंच असतं.