फिकी कॉपी आली की टोनर ओतू नका: झेरॉक्सवाल्यांनो, या चुका टाळा

जूनमध्ये दाखल्यांची गर्दी सुरू झाली की कोल्हापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "वाईच टोनर घाल, काळी येत्या का बघू." कॉपी फिकी म्हणजे पावडर कमी आणि काळपट म्हणजे पावडर जास्त, या हिशेबावर मशीन चालवणारे फार आहेत. त्यापायी दर पावसाळ्यात चांगली डेव्हलपर युनिटं (ड्रमला टोनर पोचवणारा भाग) वाया जातात. हिशेबच चुकीचा आहे. टोनर ड्रमवर, म्हणजे चित्र उमटतं त्या नळकांड्यावर, चिकटतो तो विजेच्या चार्जमुळे. चार्ज नसलेला टोनर कितीही ओतला तरी तो मशीनभर उडतो, अक्षरावर बसत नाही.

हे तत्त्व पहिल्या दिवसापासून तेच आहे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस ऑटो कोर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासली. काचेवर शाईने लिहिलेली अक्षरं तिच्यावर ठेवून उजेड पाडला आणि वरून लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक भुकटी टाकली. फुंकर मारल्यावर जादाची भुकटी उडाली, चार्ज शिल्लक होता तिथली राहिली आणि अक्षरं दिसली. आज आपल्या मशीनमध्ये घासण्याचं काम कॅरिअर करतो. कॅरिअर म्हणजे फेराइटचे साधारण ३५ ते १०० मायक्रॉनचे, वरून लेप दिलेले मणी. टोनरचा कण ५ ते १० मायक्रॉनचा. युनिटमधले फिरते स्क्रू दोन्ही ढवळतात, घर्षणाने टोनर चार्ज होतो, मण्याला चिकटतो, आणि मॅग रोलरवर (आत चुंबक असलेल्या रोलरवर) उभ्या राहिलेल्या मण्यांच्या ब्रशमधून ड्रमवर जातो. मणी परत येतात, टोनर तेवढा खर्च होतो.

युनिटमध्ये हाताने टोनर घालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कसबा बावड्याच्या रस्त्यावर, कचेऱ्यांच्या गर्दीतल्या एका दुकानात जुलैच्या ऐन पावसात सातबाराच्या कॉपी मध्येच फिक्या, डागाडागांच्या यायला लागल्या. टोनर संपल्याचा मेसेज नव्हता. पोराने युनिट बाहेर काढलं, झाकण उघडलं आणि बाटलीतला अंदाजे १०० ग्रॅम टोनर थेट आत ओतला. पहिल्या वीसेक कॉपी काळ्याभोर आल्या आणि सगळ्यांना वाटलं, जमलं. मग पांढऱ्या जागेवर राखाडी झाक आली. मग कागदाची पाठ काळी व्हायला लागली. संध्याकाळी पुढचं दार उघडलं तर मशीनच्या आत भुसा पेटवल्यासारखी काजळी.

आता वजनं मांडा. युनिटमध्ये ५०० ग्रॅम डेव्हलपर, म्हणजे मणी आणि टोनरचं मिश्रण, आहे आणि त्यात टोनरचं प्रमाण ५ टक्के आहे असं धरू: ४७५ ग्रॅम मणी, २५ ग्रॅम टोनर. त्यात १०० ग्रॅम ओतला की एकूण ६००, त्यात टोनर १२५, म्हणजे जवळजवळ २१ टक्के. बहुतेक डेव्हलपर ३ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान काम करण्यासाठी बनवलेले असतात. मण्याच्या अंगावर जागा ठरावीक. ज्या कणाला मणी मिळत नाही तो घासला जात नाही, चार्ज होत नाही, आणि रोलर फिरला की हवेत उडतो. तोच चार्जिंग वायरवर बसतो, लेसरच्या काचेवर बसतो, आणि दुसऱ्या दिवशी उभ्या रेघा सुरू होतात. तेव्हा दुकानदार म्हणतो, आता ड्रम गेला. ड्रम बहुतेक वेळा गेलेला नसतो.

जादाचा टोनर कॉपी काढून संपवता येईल का? पूर्ण काळ्या ए-फोर पानावर पाव ते अर्धा ग्रॅम टोनर बसतो. ९० ते १०० ग्रॅम उतरवायचा तर बाटली काढून दोनशे ते चारशे काळी पानं मारावी लागतील, आणि तोवर उडालेला टोनर सगळीकडे पोचलेला असेल. ओतलेला टोनर १०-१५ ग्रॅमच्या आत असेल तर बाटली काढून चाळीस-पन्नास काळी पानं काढा. त्याहून जास्त असेल तर डेव्हलपर बदला, युनिट ब्रशने साफ करा, चार्जिंग वायर आणि काच पुसा. मधला मार्ग शोधत बसू नका.

आणि मुळात त्या दुकानात कॉपी फिकी का येत होती? रिम चार दिवस उघडी पडून होती. ओल्या कागदावर ट्रान्सफरचा, म्हणजे टोनर ड्रमवरून कागदावर ओढणारा, चार्ज टिकत नाही, त्यामुळे ड्रमवरचं चांगलं चित्र अर्धवटच कागदावर उतरत होतं. नवी रिम फोडली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

ड्रम न बघता निदान करणं

फिक्या कॉपीचं कारण शोधायची सवय एकच लावून घ्या. काचेवर ठळक काळं काहीतरी ठेवा, कॉपी सुरू करा, कागद अर्ध्यात आला की पुढचं दार उघडा. मशीन जागच्या जागी थांबेल. मेन स्विच बंद करा, ड्रम युनिट हलक्या हाताने बाहेर काढा, उजेडाकडे पाठ करून बघा. मॅग रोलरपासून कागदाला टेकण्याच्या जागेपर्यंतच्या पट्ट्यात चित्र काळं आणि धारदार असेल तर डेव्हलपिंग ठीक आहे. दोष कागदात किंवा ट्रान्सफरमध्ये. तिथेच फिकं असेल तर मग टोनर, डेव्हलपर, बायस (मॅग रोलरला दिलेला व्होल्टेज) यांच्याकडे वळा. बघून झालं की ड्रमवर काळं कापड टाका. ट्यूबलाइटखाली ड्रम उघडा ठेवून चहाला जाणं ही वेगळी चूक आहे आणि तिची खूण ड्रमवर राहते.

पूर्ण काळं आणि पूर्ण कोरं पान यांचाही लोक गोंधळ करतात. ऑर्गॅनिक ड्रमच्या नेहमीच्या डिजिटल मशीनमध्ये ड्रमला उणे ६०० ते ८०० व्होल्टच्या घरात चार्ज करतात, लेसर पडतो तिथे तो उणे १०० च्या आसपास उतरतो, आणि मॅग रोलरवर या दोन्हींच्या मधला उणे बायस असतो. उणे चार्जचा टोनर लेसर पडलेल्या जागी बसतो. आता चार्जिंगच बंद पडलं तर सगळा ड्रम लेसर पडल्यासारखा, म्हणून पान काळंकुट्ट. बायस पोचला नाही तर टोनर रोलर सोडतच नाही, पान कोरं किंवा अगदी फिकं. युनिटच्या टोकाला बायसची जी पितळी पत्ती किंवा स्प्रिंग असते, तिच्यावर टोनर साठला की नेमकं हेच होतं. सुक्या कापडाने पुसून बसवा. जुन्या अॅनालॉग मशीनमध्ये गणित उलटं: तिथे बायस गेला की पांढरी जागा काळवंडते. त्या मशीनवर शिकलेले जुने हात डिजिटल मशीनमध्ये याच ठिकाणी फसतात.

झाक मशीनची की मूळ कागदाची, हेही आधी ठरवा. मशीनच्या मेनूतून टेस्ट प्रिंट काढा. ते स्वच्छ असेल तर डेव्हलपर निर्दोष आहे. दोष काचेत, आरशात किंवा मूळ कागदात. पिवळे पडलेले फेरफार, मोडीतली जुनी कागदपत्रं यांच्या कॉपीला झाक येणारच. तिथे बॅकग्राउंड कमी करायचं सेटिंग वापरा, युनिटला हात लावू नका.

वेस्ट टोनर परत बाटलीत

वेस्टच्या डब्यात जमलेली पावडर चाळून परत वापरणं ही काटकसर वाटते. कळकळीने सांगावंसं वाटतं की असं करू नका. ब्लेडने ड्रमवरून खरवडलेल्या त्या पावडरीत कागदाची धूळ असते, कागदावरचा खडूसारखा भराव असतो, ड्रमवर चुकून आलेले मणी असतात आणि उलट्या चार्जचे कण असतात. नव्या टोनरच्या कणावर सिलिकाचा अतिसूक्ष्म थर असतो, त्यामुळे तो पाण्यासारखा वाहतो आणि ठरल्याइतका चार्ज घेतो. एकदा ब्लेडखालून गेल्यावर तो थर दबलेला असतो. चाळणीने धूळ थोडी निघते, सिलिका परत बसत नाही. काही मशीन स्वतःच वेस्ट टोनर युनिटमध्ये परत घेतात, पण ती तशी बनवलेलीच असतात. तुमच्या मशीनला वेस्टचा डबा दिलाय, म्हणजे ते बहुधा त्यातलं नाही.

बाटलीत वेस्ट मिसळल्यावर पहिले काही दिवस काहीच कळत नाही, म्हणून सवय लागते. मग झाक येते, मग कागदाच्या तंतूंचा गोळा मॅग रोलरवरचा थर सारखा करणाऱ्या डॉक्टर ब्लेडखाली अडकतो आणि कॉपीवर कागदाच्या लांबीभर एक पांढरी रेघ येते. रेघ काढायला पोरगं स्क्रूड्रायव्हर घालतं आणि मॅग रोलरवर ओरखडा पडतो. ब्लेड आणि रोलरमधली फट मिलीमीटरच्या काही दशांशांचीच असते. तिथे घालायचंच असेल तर जाड प्लास्टिकची पट्टी घाला, लोखंड कधीही नाही. ब्लेडचे स्क्रू तर अजिबात सैल करू नका. ती फट कारखान्यात मोजून लावलेली असते.

किलोवर मिळणारा टोनर

काळी पावडर सगळी सारखीच दिसते, पण सारखी नसते. कॅननच्या जुन्या आयआर मशीनमध्ये मणी नसतात. टोनरमध्येच चुंबकीय मॅग्नेटाइट असतं आणि तो थेट रोलरला चिकटतो. रिको, शार्प, कोनिका मिनोल्टाच्या बहुतेक मशीनमध्ये मणी वेगळे, टोनर बिनचुंबकीय. बिनचुंबकीय टोनर आयआरमध्ये घातला की तो रोलरला धरतच नाही, खाली गळतो. उलट चूक जास्त वाईट. मण्यांच्या युनिटमधला सेन्सर मिश्रणाची चुंबकीयता मोजतो: टोनर वाढला की मणी विरळ होतात, चुंबकीयता घटते. त्यात चुंबकीय टोनर पडला तर सेन्सरला वाटतं मणी दाट झाले, म्हणजे टोनर कमी. तो आणखी टोनर ओढतो, आणखी ओढतो, युनिट भरून वाहेपर्यंत. शंका असेल तर कागदावर चिमूटभर टोनर घ्या आणि खालून लोहचुंबक फिरवा. पावडर चुंबकामागे धावली तर ती चुंबकीय. हे करायला अर्धा मिनिट लागतो.

दोन कंपन्यांचा टोनर एका बाटलीत मिसळू नका, दोन्ही चांगले असले तरी. दोघांचं चार्ज घेण्याचं प्रमाण वेगळं असतं, आणि मिसळले की एकाचा चार्ज चढतो तर दुसऱ्याचा घसरतो.

जुन्या डेव्हलपरवर सेन्सर सेट करणं

सर्व्हिस मोडमधलं (मेकॅनिकच्या मेनूतलं) डेव्हलपर सेटिंग नव्या, बाटलीतल्या टोनरचा कणही न मिसळलेल्या डेव्हलपरसाठी असतं. त्या क्षणी युनिटमध्ये जे प्रमाण असेल तेच बरोबर, असं मशीन धरून चालतं. व्हिडिओ बघून शिकलेले काहीजण कॉपी फिकी आली की हेच बटण दाबतात. टोनर घटलेल्या मिश्रणावर दाबलं तर मशीन त्या घटलेल्या प्रमाणालाच प्रमाण मानतं, आणि मग बाटली भरलेली असूनही कॉपी कायमची फिकी. एकदा हे झालं की डेव्हलपर बदलून नव्याने सेट करण्यावाचून खात्रीचा उपाय नाही. म्हणून सेटिंगचे जुने आकडे आधी वहीत लिहून ठेवा.

नवा डेव्हलपर भरताना पाकीट आधी हलवा. एका जागी ओतू नका. गियर योग्य दिशेनेच हाताने फिरवत रोलरच्या लांबीभर सारखा सोडा. टोनरची बाटली काढून ठेवा, सेटिंग पूर्ण होऊ द्या, मगच बाटली लावा. घाईत बाटली आधीच लावली तर सेन्सर सेट होतानाच आत टोनर पडतो.

पावसाळा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की टोनरचा चार्ज निसटतो. झाक वाढते, उडणारी पावडर वाढते. उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की चार्ज चढतो, टोनर मणी सोडत नाही आणि कॉपी फिकी येते. दोन्ही वेळेस टोनरचं प्रमाण तेच असतं. पावसाळ्यात सकाळी शटर उघडल्यावर पहिल्या दहा-पंधरा कॉपी रद्दीवर काढा, गिऱ्हाइकाच्या कागदावर नाही. ढवळल्याने चार्ज परत येतो. बऱ्याच मशीनमध्ये ओल रोखणारा छोटा हीटर असतो आणि तो मशीन बंद असतानाही चालतो, पण लोक रात्री भिंतीवरचं बटणच बंद करतात. तुमच्या मशीनला हीटर असेल तर वायरिंग चांगलं करून घ्या आणि ते बटण चालू ठेवा. कागद रिमच्या वेष्टणात, जमिनीपासून वर.

पुराचं पाणी ज्या मशीनच्या युनिटमध्ये शिरलं, तो डेव्हलपर वाळवून वापरू नका. वाळवताना लोक उन्हात ठेवतात आणि टोनर मण्यांवर चिकटून बसतो.

थोडक्यात आणखी काही

ड्रम उलटा फिरवू नका, ड्रम खरवडणारी ब्लेड दुमडते. नवी ब्लेड कोरड्या ड्रमवर बसवू नका, कडेला थोडा टोनर किंवा ब्लेडची पावडर लावा. ड्रम स्पिरिटने पुसू नका. ठरावीक अंतराने डाग पडत असेल तर पट्टीने मोजा: ९४ मिलीमीटरने पडला तर ३० मिलीमीटर व्यासाचा ड्रम, १८८ ने पडला तर ६० चा. मॅग रोलर ड्रमपेक्षा वेगाने फिरतो, म्हणून त्याच्या डागाचं अंतर त्याच्या घेरापेक्षा कमी येतं. टोनरची बाटली लावण्याआधी आडवी धरून आठ-दहा वेळा नीट हलवा.

सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका. बारीक कण त्याच्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर पसरतात आणि मोटरमध्येही शिरतात. तोंडाने फुंकर मारू नका, ब्लोअर तर दुकानात मुळीच लावू नका. किंचित ओल्या कापडाने उचला. कपड्यावर पडला तर आधी झटका, मग गार पाण्याने धुवा. गरम पाण्यात घातला की टोनरमधली राळ मऊ होते आणि डाग फ्युजरमधून (टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागातून) निघाल्यासारखा कापडात पक्का बसतो.